घरात ट्रेनरवर रोड बाईक : नुसता घाम गाळण्यापेक्षा ४५ मिनिटं नेमकी कशी वापरायची?

सातारा : जून उजाडला की जिल्ह्यातल्या सायकलवाल्यांची पंचाईत होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जावळी, पाटणच्या पश्चिम पट्ट्यातही चार महिने धुकं, दरडी आणि पाण्याने भरलेले खड्डे. खड्डा किती खोल आहे हे चाक आत गेल्यावरच कळतं. पूर्वेकडे माण-खटावात पाऊस जेमतेम, ५०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे रस्ता कोरडा असतो, पण मार्च-एप्रिलपासून सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर येतं. पाऊस सरला की कराड, कोरेगाव, फलटणकडे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. मग पहाटेच्या अंधारात मागे रिफ्लेक्टर नसलेल्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे सायकल चालवायची वेळ येते. शिक्षक, डॉक्टर, पोलीस, दुकानदार अशी नोकरी-धंदा सांभाळून सायकल चालवणारी मंडळी म्हणूनच घरात ट्रेनर आणून ठेवू लागली आहेत.

इथे ट्रेनर म्हणजे शिकवणारा माणूस नव्हे. सायकलचं मागचं चाक ज्यावर अडकवायचं तो लोखंडी स्टँड म्हणजे ट्रेनर. सायकल जागेवर उभी राहते, पायडल मारलं की चाक फिरतं आणि स्टँड त्याला विरोध करतो. जिममधली जाडजूड सायकल आणि हा प्रकार यात मोठा फरक आहे. इथे सायकल आपलीच असते. सीटची उंची, हँडलचं अंतर, पायडल, गिअर सगळं रस्त्यावर असतं तेच. त्यामुळे घरात कमावलेला दम रस्त्यावर उपयोगी पडतो.

अडचण पुढे येते. पहिल्या आठवड्यात उत्साहाने रोज तासभर चालवलं जातं. दुसऱ्या आठवड्यात कंबर आणि बूड दुखायला लागतं. तिसऱ्या आठवड्यात ट्रेनरवर टॉवेल वाळत पडलेले दिसतात. दोष ट्रेनरचा नसतो. रस्त्यावरची सवय तशीच्या तशी घरात आणली की असं होतं. घरातला सराव छोटा, ठरवलेला आणि वारं घेऊन करायचा असतो.

कोणता ट्रेनर, कोणासाठी

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला रोलर्सचा. जमिनीवर तीन आडवे रूळ आणि त्यावर सायकल मोकळी ठेवायची. तोल स्वतःच सांभाळावा लागतो, म्हणून पायडल गोल आणि सारखं मारायची सवय लागते. ट्रॅकवरचे रेसर अजूनही शर्यतीआधी अंग तापवायला रोलर्सच वापरतात. नवख्याने मात्र भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला धरूनच सुरुवात करावी.

दुसऱ्या प्रकारात मागचं चाक चिमट्यात धरलं जातं आणि टायरला एक रूळ टेकतो. विरोध चुंबकाने किंवा आत भरलेल्या तेलाने मिळतो. चुंबकवाला स्वस्त, पण आवाज जास्त. तेलवाल्याला फ्लुइड ट्रेनर म्हणतात. त्यात वेग वाढवला की विरोध आपोआप वाढतो, रस्त्यावर वाढतो तसाच. साधा चुंबकवाला किंवा फ्लुइड ट्रेनर चालायला वीज लागत नाही. भारनियमन असलेल्या गावात ही बाब छोटी नाही.

तिसरा डायरेक्ट ड्राइव्ह. यात मागचं चाक काढून सायकल थेट यंत्राला जोडतात. आवाज कमी, वॅटचा आकडा बऱ्यापैकी खात्रीचा, मोबाईलशी जोडला की पडद्यावरच्या चढाप्रमाणे विरोध आपोआप बदलतो. किंमत मात्र साध्या ट्रेनरच्या कित्येक पट आणि बहुतेक मॉडेलना प्लग लागतो. घेण्याआधी दोन गोष्टी बघायच्या : आपली सायकल किती स्पीडची आहे तेवढ्याचीच कॅसेट त्यावर बसते का, आणि मागचा एक्सल क्विक रिलीजचा आहे की थ्रू-एक्सल. हे न बघता ऑनलाईन मागवलं तर पार्सल परत पाठवण्यातच आठवडा जातो.

कार्बन फ्रेमवाल्यांनी आधी सायकलचं माहितीपुस्तक वाचावं. काही कंपन्या ट्रेनरवर वापरायला परवानगी देतात, काही अट घालतात, काही वॉरंटी नाकारतात. रस्त्यावर सायकल पायाखाली डोलते. ट्रेनरवर मागचा भाग घट्ट धरलेला असतो आणि उभं राहून जोर लावला की सगळा ताण तिथे येतो.

बसवताना होणाऱ्या चुका

टायरवाल्या ट्रेनरबरोबर एक लोखंडी क्विक रिलीज येतो. सायकलचा मूळचा काढून तो बसवायचा असतो. अनेक जण आळस करतात आणि मूळचाच ठेवतात. तो चिमट्यात नीट बसत नाही. जोर लावल्यावर सायकल निसटली तर दात आणि भिंत यांची गाठ पडते.

रूळ टायरवर किती दाबायचा? अचानक जोर लावला तरी टायर घसरू नये इतपत. त्याहून जास्त दाबला तर टायर लवकर झिजतो. हवा दर वेळी सारखीच भरायची, टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत. साधा टायर ट्रेनरवर मधोमध सपाट होतो, रबराचा वास येतो आणि काळी भुकटी फरशीवर पडते. त्यासाठी कडक रबराचा वेगळा ट्रेनर टायर मिळतो. तो घेतला तर एक पक्कं ध्यानात ठेवायचं : तो रस्त्यावर चालवायचा नाही. ओल्या डांबरावर तो पकड धरत नाही.

मागचं चाक ट्रेनरवर थोडं उचललं जातं. म्हणून पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवून दोन्ही चाकं एका पातळीत आणायची. नाहीतर उतारावर बसल्यासारखं होतं आणि सगळा भार मनगटावर येतो. विकतचा ठोकळा नसेल तर लाकडी फळी किंवा दोन जुनी जाडजूड पुस्तकंही चालतात. खाली रबरी चटई किंवा जुनी सतरंजी हवी. स्लॅबच्या घरात पहाटे पाच वाजता खालच्या मजल्यावर घरघर ऐकू येते आणि मग सरावापेक्षा भांडण जास्त होतं.

जागा निवडताना पत्र्याच्या शेडचा मोह टाळावा. सकाळी आठनंतर तिथे भट्टी होते. पडवी किंवा खिडकीजवळची खोली उत्तम. आणि घरात लहान मूल असेल तर ते जागं असताना ट्रेनर चालवायचा नाही, किंवा दार आतून लावायचं. फिरत्या चाकात, चेनमध्ये बोट गेलं तर ते वाचवणं अवघड असतं. फ्लुइड ट्रेनरचं तेलाचं डबडं वापरानंतर चांगलंच तापलेलं असतं, त्यालाही मुलांचे हात लागू द्यायचे नाहीत.

पंखा नाही तर सराव नाही

ट्रेनरवर सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते वाऱ्याकडे. माणसाचं शरीर इंजिनासारखंच आहे. जेवढी ऊर्जा जाळतो त्यातली जेमतेम २० ते २५ टक्के पायडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. म्हणजे पायडलवर १५० वॅट दिले तर अंगात ४५० ते ६०० वॅट उष्णता तयार होत असते. छोटी शेगडी पोटात घेऊन बसल्यासारखंच. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने जाताना समोरचा वारा ही उष्णता काढून नेतो. घरात वारा शून्य. घाम येतो, पण वाळत नाही आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत तर तो नुसता फरशीवर ठिबकत राहतो.

मग काय होतं? रक्ताला पायाच्या स्नायूंबरोबर कातडीलाही पुरावं लागतं. पायडलचा जोर तोच असतो, पण हृदयाचे ठोके दर दहा मिनिटांनी वर सरकत जातात. चालवणाऱ्याला वाटतं, आज जबरदस्त व्यायाम झाला. प्रत्यक्षात पायांना कमीच काम मिळालेलं असतं, शरीर नुसतं तापलेलं असतं. फरशीवर घामाचं थारोळं झालं म्हणजे सराव चांगला झाला, हा समज सोडून द्यावा. घाम हे व्यायामाचं माप नाही.

छतावरचा पंखा पुरत नाही. समोरून छातीवर आणि तोंडावर जोरात वारा येईल असा टेबल फॅन किंवा फर्राटा पंखा हवा, जमल्यास दोन. वीज गेली तर? इन्व्हर्टरवर पंखा चालत असेल तर ठीक. नसेल तर त्या दिवशीचा जोराचा सराव सोडून हलका करावा. पंख्याशिवाय इंटरव्हल मारणं यात मर्दुमकी काही नाही.

पाण्याचा हिशोब घरच्या वजनकाट्यावर होतो. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करायचं. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. दोन-तीनदा केलं की आपल्याला तासाला किती पाणी लागतं याचा अंदाज येतो. अनेकांना तासाला अर्धा ते एक लिटर लागतं. पाऊण तासापर्यंत साधं पाणी पुरे. त्याहून लांब सराव असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस जवळ ठेवावं. पहाटे उपाशीपोटी जोराचा सराव करू नये. एखादं केळं, दोन-चार खजूर खाऊन वीस मिनिटांनी बसावं.

किती जोर लावायचा, हे कसं कळणार

वॅट मोजणारं पॉवर मीटर असेल तर काम सोपं. आधी अंग तापवून २० मिनिटं जितक्या जोरात सलग चालवता येईल तितकं चालवायचं. सरासरी वॅटच्या ९५ टक्के म्हणजे आपला उंबरठा. सायकलवाले त्याला एफटीपी म्हणतात. सरासरी २०० वॅट आली तर उंबरठा १९०. सोपी राईड त्याच्या ५६ ते ७५ टक्क्यांत, उंबरठ्याचा सराव ९१ ते १०५ टक्क्यांत, आणि दम काढणारे छोटे इंटरव्हल १०६ ते १२० टक्क्यांत.

जिल्ह्यातल्या बहुतेकांकडे पॉवर मीटर नसतं. त्यांच्यासाठी छातीचा पट्टा लावून हृदयाचे ठोके मोजणं हा मार्ग. ३० मिनिटं एकट्याने पूर्ण जोरात चालवायचं आणि शेवटच्या २० मिनिटांची ठोक्यांची सरासरी घ्यायची. ती समजा १६५ आली, तर सोपी राईड १३४ ते १४६ च्या दरम्यान आणि उंबरठ्याचा सराव १५५ ते १६५ च्या दरम्यान होतो. '२२० वजा वय' हे सूत्र सगळीकडे सांगितलं जातं, पण त्यात माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यावर आठवड्याचा सराव बेतू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल, ठोके वाढूच देत नाहीत. त्या घेणाऱ्यांसाठी ठोक्यांचा आकडा फसवा ठरतो.

आणखी एक घरगुती युक्ती आहे. फ्लुइड ट्रेनरवर मागच्या चाकाचा वेग आणि लागणारा जोर यांचं नातं ठरलेलं असतं. टायरमधली हवा आणि रुळाचा दाब दर वेळी सारखा ठेवला, आणि तेल तापायला दहा मिनिटं दिली, तर मागच्या चाकाचा वेगच मापकाठी होतो. गेल्या महिन्यात २८ च्या वेगाने दहा मिनिटं जड जात होती आणि आज तीच सोपी गेली, म्हणजे प्रगती झाली. फक्त वेगाचा सेन्सर मागच्या चाकाला हवा. पुढचं चाक तर हलतच नाही आणि मोबाईलच्या जीपीएसला सायकल पडवीतच उभी दिसते. आणि हा वेग रस्त्यावरचा वेग समजून मित्रांना सांगू नये.

काहीच साधन नसेल तर बोलून बघावं. सोप्या राईडमध्ये फोनवर गप्पा मारता आल्या पाहिजेत. उंबरठ्यावर तुटक-तुटक तीन-चार शब्दच निघतात. दम काढणाऱ्या इंटरव्हलमध्ये 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलता येऊ नये. स्वीडनचे संशोधक गुन्नार बोर्ग यांनी आपल्याला किती कष्ट वाटतात हे आकड्यात सांगण्याची पट्टी तयार केली, ती आजही जगभर वापरली जाते. छोट्या इंटरव्हलमध्ये तर हीच पद्धत जास्त खरी, कारण हृदयाचे ठोके जोरामागून अर्धा-एक मिनिट उशिरा वर येतात. ३० सेकंदांचा जोर संपला तरी आकडा अजून चढतच असतो.

आठवड्यात तीन दिवस पुरे

रस्त्यावरच्या तासाभरात उतार असतो, सिग्नल असतो, म्हैस आडवी येते, पाय थांबतात. ट्रेनरवर पाय थांबत नाहीत. म्हणून घरातली ४५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा जड असतात. नोकरी करणाऱ्याने आठवड्यात तीन वेळा बसलं तरी पुष्कळ झालं. अट एकच, बसण्याआधी आज काय करायचं हे कागदावर लिहून हँडलवर चिकटवायचं.

पहिला दिवस, समजा मंगळवार, दमाचा. दहा मिनिटं हलकं चालवून अंग तापवायचं. मग चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हलकं, असं चार वेळा. पहिली चार मिनिटं थोडी हातची राखून चालवायची. चौथ्या वेळी जोर पहिल्याइतकाच टिकला तर सराव जमला. पहिलीच फेरी जीव खाऊन मारली आणि तिसऱ्या फेरीत पाय गळाले, तर सुरुवात चुकली. शेवटी पाच-सात मिनिटं हलकं. एकूण ४५ मिनिटं होतात.

दुसरा दिवस, गुरुवार किंवा शुक्रवार, उंबरठ्याचा. दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये पाच मिनिटं आराम. काही आठवड्यांनी पंधरा मिनिटांच्या दोन, आणि जमलं तर वीस मिनिटांच्या दोन. पसरणी घाटाची तयारी करायची असेल तर हा दिवस सर्वात कामाचा, कारण वाईहून पाचगणीला चढताना दहा-अकरा किलोमीटर असाच सलग जोर लागतो. पुढच्या चाकाखाली आणखी एक फळी सरकवून, जड गिअरमध्ये मिनिटाला ६० ते ७० फेऱ्यांनी पाच मिनिटं चालवली की चढाची जाणीवही मिळते. गुडघा आधीच दुखत असेल तर हे करू नये. बाकी वेळी पायडलच्या फेऱ्या ८५ ते ९५ च्या आसपास ठेवाव्यात.

तिसरा दिवस रविवारचा, लांब आणि सोपा. पाऊस उघडला तर तो रस्त्यावरच करावा. घरात करायचा झाला तर ७५ ते ९० मिनिटं पुरेत. इथे सगळ्यांची गल्लत होते. सोपी राईड सोपी वाटते म्हणून थोडा जोर वाढवला जातो आणि ती ना सोपी राहते ना कठीण. मग मंगळवारी पाय जड असतात, मंगळवारचा जोरही अर्धवट होतो. आठवडाभर मधल्याच जोरात चालवणारा माणूस दमतो खूप आणि वाढतो कमी.

तबाता नावाच्या चार मिनिटांच्या व्यायामाची मोबाईलवर फार जाहिरात असते. २० सेकंद जोर, १० सेकंद आराम, असं आठ वेळा. जपानचे इझुमी तबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९६ चा हा अभ्यास व्यायामाच्या सायकलवरच झाला होता. पण त्यातला जोर इतका प्रचंड होता की सात-आठ फेऱ्यांत माणूस पूर्ण थकावा. आरामात पूर्ण होतो त्याला तबाता म्हणण्यात अर्थ नाही, आणि नवख्याने त्या वाटेला जायचं कारणही नाही.

नोव्हेंबरमध्ये २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची असेल तर हे वेळापत्रक ऑगस्टपासून धरावं. साडेतेरा तासांची मुदत असते, थांबे धरून. त्यासाठी फार वेगाची गरज नाही, पण आठ-दहा तास सीटवर बसायची सवय लागते आणि ती ट्रेनरवर पुरती होत नाही. म्हणून सप्टेंबरपासून पाऊस थांबेल त्या रविवारी शंभराच्या आसपास किलोमीटर बाहेर काढायलाच हवेत. वळण कापणं, घाट उतरताना ब्रेक मारणं, खड्डा चुकवणं, चौघांच्या रांगेत चालवणं, यातलं काहीच घरात शिकता येत नाही.

कंटाळा, बूड आणि पडद्यावरची शर्यत

ट्रेनरवर सीट जास्त टोचते, कारण अंग जराही हलत नाही. दर आठ-दहा मिनिटांनी अर्धं मिनिट उभं राहून पायडल मारावं. पॅडची चड्डी घरातही घालावी, आणि सराव संपताच ती बदलून अंग धुवावं. ओल्या कपड्यात चहा पीत बसणाऱ्यांना पावसाळ्यात गजकर्ण आणि फोड हमखास होतात.

कंटाळ्यावर काही जण गाणी लावतात, काही जण बातम्या. इंटरव्हलच्या दिवशी घड्याळच पुरेसं असतं. चार मिनिटं मोजण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही. ज्यांच्याकडे स्मार्ट ट्रेनर आणि बरं नेट आहे ते झ्विफ्टसारख्या अ‍ॅपवर जगभरच्या लोकांबरोबर पडद्यावर सायकल चालवतात. हा नुसता खेळ राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२० च्या डिसेंबरमध्ये याच अ‍ॅपवर पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा घेतली. पुरुषांत जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न जिंकला, जो मुळात नौकानयनपटू. महिलांत दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली मूलमन-पासियो. ऑस्ट्रेलियाचा जे वाइन तर याच अ‍ॅपच्या निवड स्पर्धेतून व्यावसायिक संघात गेला आणि २०२२ च्या स्पेनच्या शर्यतीत त्याने दोन टप्पे जिंकले.

त्याआधीचं उदाहरण मॅथ्यू हेमनचं. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बेल्जियममधल्या शर्यतीत पडून या ऑस्ट्रेलियन रेसरचा हात मोडला. रस्त्यावर जाता येत नव्हतं, म्हणून त्याने प्लॅस्टर घेऊन घरच्या ट्रेनरवर सराव चालू ठेवला. सहा आठवड्यांनी, १० एप्रिलला, दगडी रस्त्यांची पॅरिस-रुबे शर्यत त्याने जिंकली. अर्थात त्याच्या मागे पंधरा-सोळा वर्षांची व्यावसायिक कारकीर्द होती, हे विसरू नये. ट्रेनरने त्याचा कमावलेला दम टिकवला.

स्मार्ट ट्रेनरवाल्यांसाठी एक सूचना. यंत्र ठरावीक वॅट धरून ठेवतं त्या पद्धतीत दमल्यावर पायडलच्या फेऱ्या कमी झाल्या, तर यंत्र विरोध आणखी वाढवतं आणि पाय चिखलात रुतल्यासारखे अडकतात. अशा वेळी हट्ट करू नये. काही सेकंद थांबून, हलकं फिरवून पुन्हा सुरू करावं.

कधी थांबायचं

चाळिशी ओलांडलेल्यांनी, घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी जोराचे इंटरव्हल सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटावं. सराव करताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी, अचानक धडधड असं काही झालं तर जागेवर थांबायचं आणि घरातल्यांना हाक मारून लगेच रुग्णालय गाठायचं. पित्त झालं असेल म्हणून सोडा पिऊन झोपायचं नाही. गावाकडे यातच मोलाचा वेळ जातो. पहाटे बंद खोलीत कानात गाणी लावून एकट्याने सराव करणाऱ्यांनी दाराची कडी लावू नये आणि घरात कोणाला तरी सांगून बसावं. घरात लहान मूल असेल तर ते उठायच्या आत सराव उरकावा, म्हणजे कडीचा प्रश्नच येत नाही.

अंगात ताप असताना सराव नको. पावसाळ्यात डेंग्यू, चिकुनगुनियाचे दिवस असतात. ताप गेल्यावरही काही दिवस सोप्या राईडवरच राहावं, ठोके नेहमीच्या जागी आल्यावरच जोर वाढवावा. मळमळ, अंगावर काटा येऊन थंडी वाजणं, डोकं जड होणं ही अंग तापल्याची लक्षणं. ट्रेनरवरून उतरून ओला पंचा मानेवर ठेवून पंख्याखाली बसायचं.

सायकलचीही काळजी

घामात मीठ असतं आणि तो थेट हँडल, हेडसेटचे बोल्ट आणि वरच्या नळीवर पडतो. दोन महिने पुसलं नाही तर बोल्ट गंजून जाम होतात, हँडलच्या टेपखाली अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून पोखरतं आणि ते टेप सोडल्याशिवाय दिसत नाही. हँडलपासून सीटपर्यंत जुना टॉवेल बांधावा. सराव झाल्यावर ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने सायकल पुसावी. चेनला दोन आठवड्यांनी तेल. वर्षातून एकदा टेप सोडून आतलं हँडल बघावं, पोखरलेलं दिसलं तर बदलावं.

पाऊस संपून सायकल रस्त्यावर न्यायच्या आदल्या संध्याकाळी ट्रेनर टायर उतरवून रस्त्याचा टायर चढवायचा, सायकलचा मूळ क्विक रिलीज परत बसवून घट्ट करायचा आणि दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. तीन-चार महिने ब्रेकला हातच लागलेला नसतो. दिव्याची बॅटरी चार्ज करायची, मागचा लाल दिवा लागतो का ते बघायचं. पहिली फेरी घाटात नको. गावाजवळच्या सपाट रस्त्यावर, उजाडल्यावर.